कथाकाराची उमेदवारी

1885 साली 'पुणे वैभव' पत्राच्या वाचकांपुढे 'मधली स्थिती' ही कादंबरी हप्त्याहप्त्याने येऊ लागली, तेव्हा तिचे कर्ते हरि नारायण आपटे अवघे एकवीस वर्षांचे होते. कादंबरीचा सांगाडा त्यांनी रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराकडून घेतलेला होता आणि तो लंडन शहरासाठी रचलेला असल्यामुळे पुण्यात जागोजाग उपरा दिसत होता. तरीही जुने आचार सुटलेले आणि नव्यांची शिस्त अद्याप न लाभलेले जे सुशिक्षित तरुण त्या काळी शहरात वावरत होते, त्यांची बोलणी, त्यांची व्यसने आणि त्यांच्या घरांतील स्त्रियांचे मुकाट हाल त्या परक्या सांगाड्यातूनही ओळखू येत होते. पुढे पाचच वर्षांनी याच लेखकाने 'पण लक्षात कोण घेतो' लिहावयास घेतली. या दोन कृतींमधील अंतर केवळ वय वाढल्याने तुटले असे मला वाटत नाही. ते कसे तुटले, आणि हरिभाऊंच्या नंतरही मराठी कथाकार आपली विद्या कोठे व कोणाच्या हाताखाली शिकत आला, हा विषय आपल्या वाङ्मयेतिहासांत बाजूला पडलेला असतो. तेथे कृतींच्या याद्या आणि प्रवृत्तींची नावे पुष्कळ सापडतात; परंतु लिहिणाऱ्याचा हात कसा वळला याची हकीकत प्रस्तावनांत, पत्रव्यवहारांत आणि बंद पडलेल्या मासिकांच्या फायलींत विखुरलेली राहते.

गवयाला गुरूचे घर असते आणि मल्लाला तालीम असते. मराठी कथाकाराला ती जागा नियतकालिकाने पुरवली, असे माझे मत आहे. पाठ्यग्रंथाने ती फारशी पुरवली नाही, विद्यापीठाने तर त्याहूनही कमी. हप्त्याची मुदत, वर्गणीदाराचे पत्र आणि संपादकाची दुरुस्ती या तीन गोष्टींनी मराठी कथा घडवली आहे, आणि या तिहींच्या मुळाशी एकच तत्त्व आहे: लेखकाला मध्येच थांबवणारा, त्याला हटकणारा, पुन्हा सांगावयास लावणारा कोणीतरी समोर असणे.

कथा कागदावर छापली जाण्यापूर्वी असा माणूस नेहमीच समोर बसलेला असे. पूर्वरंगातील निरूपण आटोपून कीर्तनकार उत्तररंगातील आख्यानाला हात घालतो, तेव्हा कोठे विसावावे, कोठे पद घ्यावे, कोणत्या प्रसंगी उपकथेचा मोह आवरावा, याचा निर्णय त्याला श्रोत्यांच्या मुद्रा देत असत. त्याच्याही आधी, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्या प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांना गाठून, त्यांच्या आठवणींची रुजुवात घेऊन. आणि जेथे दोघांच्या सांगण्यात फरक पडला तेथे तो फरक नोंदवण्याचीही दक्षता त्या परंपरेने घेतली. 'लीळाचरित्रा'तील लहान लहान प्रसंगांना, त्यांतील त्रोटक व नेमक्या संवादांना जी धार आहे, ती या कसोशीतून आलेली आहे, हे ज्याला कथा लिहावयाची आहे त्याने एकदा तरी शांतपणे पाहिले पाहिजे.

छापखाना आला आणि समोरची मुद्रा नाहीशी झाली. बाबा पदमनजींनी 1857 साली 'यमुनापर्यटन' लिहिले तेव्हा हिंदू विधवांच्या दुःस्थितीचा कळवळा त्यांच्याजवळ भरपूर होता, परंतु त्याला कथेचे रूप देण्याची रीत त्यांना स्वतःच शोधावी लागली. म्हणून यमुना व विनायक हे दांपत्य प्रवासास निघते आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक दुर्दैवी स्त्रीची हकीकत ऐकत पुढे जाते. पुढल्या दशकात लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या 'मुक्तामाले'ने (1861) आणि नारो सदाशिव रिसबूड यांच्या 'मंजुघोषे'ने (1868) दुसराच मार्ग धरला. राजपुत्र, राजकन्या, वियोग, अरण्ये, अकल्पित सुटका आणि पानोपानी अलंकृत वर्णने यांचा सुकाळ झाला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणावयास घेतलेल्या अरबी गोष्टींचीही गोडी याच सुमारास वाचकांना लागली होती. रिसबूडांनी तर आपल्या पक्षाचे समर्थनही मांडून ठेवले आहे: आपल्या लोकांच्या नित्याच्या जीवनात, बालपणीच लग्ने होऊन जाणाऱ्या समाजात, मनोवेधक असे काही घडतच नाही, तेव्हा कादंबरीकाराने अद्भुताकडे वळावे हेच योग्य. हे समर्थन प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच ते चुकीचे असूनही विचार करावयास लावते. ज्या घरांत काही घडत नाही असे त्यांना वाटले, त्याच घरांतून बावीस वर्षांनी हरिभाऊंच्या 'पण लक्षात कोण घेतो'मधील यमू बोलावयास उठली.

रामचंद्र भिकाजी गुंजीकरांचा 'मोचनगड' (1871) हा या दोहोंमधला टप्पा आहे. तो 'विविधज्ञानविस्तारा'त क्रमशः आला, आणि शिवकालाच्या चौकटीत का होईना, डोंगर, किल्ला, माणसांचे हुद्दे आणि त्यांची भाषा यांचा मेळ घालण्याची जबाबदारी त्यात लेखकाने पत्करली.

हरिभाऊंनी 'करमणूक' हे साप्ताहिक 1890 साली सुरू केले. ते कुटुंबातील मंडळींनी वाचावे अशा बेताने काढलेले होते, याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. ज्या घरांत स्त्रियांना अक्षरओळख नव्हती किंवा जेमतेम होती, तेथे असे पत्र मोठ्याने वाचले जाणार. म्हणजे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलेली विधवा आत्या, नुकतीच सासरी आलेली सून आणि बाहेर ओसरीवर बसलेला घरधनी या सर्वांच्या कानांवर एकच मजकूर एकाच वेळी पडणार. अशा श्रोतृवर्गापुढे पल्लेदार समास आणि चंद्रवर्णने टिकली नसती. 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीत हरिभाऊंनी निवेदनाचा अधिकार यमूच्या हाती दिला, आणि त्या एका निर्णयाने त्यांच्या लेखणीवर अनेक बंधने आपोआप आली. जे यमूला दिसले नाही ते सांगता येत नाही. जे तिला त्या वयात कळले नाही ते कळल्यासारखे लिहिता येत नाही. सुधारणेवर व्याख्यान द्यावयाचे झाले तरी ते भावाच्या किंवा पतीच्या तोंडून, बोलण्याच्या ओघात, घरातल्या कोणीतरी मध्येच तोडावे अशा तऱ्हेनेच द्यावे लागते. शंकरमामंजींसारखा माणूस वाचकाला इतका असह्य होतो तो लेखकाने त्याची निंदा केली म्हणून होत नाही. एका मुलीच्या भेदरलेल्या नजरेने आपण त्याला घरात शिरताना, बोलताना, जेवताना पाहतो म्हणून होतो. केशवपनाचा प्रसंग वाचून ज्याचे मन विदीर्ण होत नाही असा वाचक मला ठाऊक नाही, आणि तेथेही लेखकाने स्वतः पुढे येऊन एक शब्दही बोलण्याची गरज ठेवलेली नाही.

हप्त्याने त्यांचे नुकसानही केले, हे सांगितले पाहिजे. दर आठवड्यास मजकूर देण्याचा तगादा मागे असला की मागील प्रकरणांत जाऊन दुरुस्ती करण्याची सोय उरत नाही. एकदा छापले गेलेले पात्र पुढे नकोसे झाले तरी वागवावे लागते, आणि जेथे चार पाने पुरली असती तेथे चौदा होतात. 'उषःकाल'सारख्या ऐतिहासिक कादंबरीत, तिचे वैभव मान्य करूनही, वाचकाला थांबवून संबोधण्याची आणि मागची कथा पुन्हा सांगण्याची सवय जाचक होते. हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. परंतु असे आठवडे वर्षानुवर्षे काढल्यावर संवादावर जो ताबा येतो तो अन्य मार्गाने येत नाही, हेही त्यांच्याच उदाहरणावरून दिसते.

त्यांच्या घडणीत आणखी एका व्यक्तीचा वाटा होता, आणि तिचे नाव पुरेशा आदराने घेतले जात नाही याची मला खंत वाटते. काशीबाई कानिटकर (1861–1948) विवाहानंतर, घरच्या नापसंतीस तोंड देत, स्वतःच्या जिद्दीने वाचावयास शिकल्या आणि पुढे 'रंगराव' कादंबरीच्या कर्त्या झाल्या. हरिभाऊंचा त्यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार होता व तो ग्रंथरूपाने उपलब्ध आहे. स्त्रीच्या तोंडून कादंबरी सांगावयास निघालेल्या पुरुषाला लिहिती-वाचती, विचार करणारी आणि स्वतःचे मत निर्भयपणे कळवणारी स्त्री स्नेही म्हणून लाभणे, ही त्या काळात किती दुर्मिळ गोष्ट होती याची कल्पना आज सहज येणार नाही.

1902 साली वि. का. राजवाडे यांनी 'कादंबरी' हा आपला निबंध लिहून मराठी कादंबरीला युरोपातील थोर कादंबरीकारांच्या शेजारी उभे केले आणि तिची उंची मोजली. निकाल कडक होता. पण कोणीतरी ते माप लावणे आवश्यकच होते.

दरम्यान लघुकथेला स्वतंत्र घर मिळाले होते. काशीनाथ रघुनाथ आजगावकर या गृहस्थांनी, बंगाली भाषेवरील प्रेमापोटी मित्र हे आडनाव धारण करून, 1895 साली 'मनोरंजन' मासिक काढले, आणि 1909 साली त्याचा दिवाळी अंक काढून एक असा शिरस्ता पाडला की त्यातून मराठी लेखक अद्याप बाहेर पडलेला नाही. हरिभाऊंच्या 'स्फुट गोष्टी' अनेकदा अंकामागून अंक चालत, 'मनोरंजना'त वि. सी. गुर्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच अंकात संपणारी 'संपूर्ण गोष्ट' रुजवली. बंगाली कथांची रूपांतरे करता करता गुर्जरांना हे कळले होते की कथेचा शेवट आरंभीच लेखकाच्या हाती असला पाहिजे. गोष्ट एका बैठकीत वाचून होऊ लागताच तिच्यातील प्रत्येक वाक्याला जाब द्यावा लागू लागला. याच मासिकांच्या जगात दिवाकर कृष्ण यांची 'अंगणातला पोपट' 1922 साली आली. तिच्यात घटना थोडी होती आणि मनाची हालचाल अधिक. हैदराबादेस वकिली करणाऱ्या या लेखकाने आयुष्यात मोजक्याच कथा लिहिल्या. तथापि 'समाधी आणि इतर सहा गोष्टी' (1927) या संग्रहाने पुढील कथाकारांना जे दाखवले ते ढिगाने लिहिणाऱ्यांना दाखवता आले नाही.

1931 साली ना. सी. फडक्यांचे 'प्रतिभासाधन' प्रसिद्ध झाले, आणि कथालेखन ही शिकता येण्याजोगी विद्या आहे असे मराठीत प्रथमच एवढ्या ठामपणे सांगितले गेले. इंग्रजीतील कथातंत्रविषयक ग्रंथांचा आधार घेऊन त्यांनी कथानकाची उभारणी, गुंतागुंत, उत्कर्षबिंदू, पात्रचित्रण, पार्श्वभूमी आणि भाषाशैली यांची पद्धतशीर चर्चा केली. या ग्रंथावर पुढे पुष्कळ टीका झाली. तंत्राचे स्तोम माजवल्याचा आरोप तर आजही होतो. मला मात्र त्या आरोपात अर्धेच सत्य दिसते. प्रतिभा ही ईश्वरदत्त असते, तिला शिक्षण नको, या समजुतीखाली आळस निर्धास्तपणे नांदत होता, त्यावर या ग्रंथाने घाव घातला. आणि लहान गावातील ज्या मुलाला विचारावयास कोणीच नव्हते त्याच्या हाती निदान काही प्रश्न दिले. हे उपकार लहान नव्हेत. अर्धे सत्य ते असे की, ग्रंथात जे निरीक्षण म्हणून आले ते मासिकांच्या व्यवहारात नियम होऊन बसले. तिशीच्या दशकातील अनेक कथा अखेरच्या परिच्छेदात कलाटणी देण्यासाठीच लिहिल्या गेल्या, आणि वाचकही तिची वाट पाहत पाने उलटू लागले.

फडक्यांचे प्रतिस्पर्धी म्हणून ज्यांचे नाव नेहमी घेतले जाते त्या वि. स. खांडेकरांनी असा शास्त्रग्रंथ रचला नाही. शिरोड्याच्या शाळेत शिकवत असताना आणि नंतरही त्यांनी आपल्या पुस्तकांना दीर्घ प्रस्तावना जोडल्या, आणि कथेचे बीज कोठे सापडले, ते किती काळ मनात पडून राहिले, त्याला अंकुर फुटला तो कोणत्या निमित्ताने, हे वाचकाला विश्वासात घेऊन सांगितले. 'ययाति'ला (1959) जोडलेली 'पार्श्वभूमी' या दृष्टीने वाचावी. कादंबरीविषयी मतभेद असणाऱ्यालाही त्यात एक लेखक पुराणातील सामग्रीपुढे बसून काय ठेवावे, काय टाकावे आणि काय नव्याने निर्माण करावे याचा विचार करताना दिसतो.

चाळिशीच्या दशकात ही सारी व्यवस्था पुन्हा हलली. बडोद्याहून पु. आ. चित्रे यांनी 1943 साली 'अभिरुची' काढून नव्या लेखकांना जागा दिली. आणि मुंबईत, गिरगावातील खटाववाडीत, मौजेच्या कचेरीत 'सत्यकथा' या 1933 पासून चालत आलेल्या मासिकाचे रूप श्री. पु. भागवतांच्या हातून पालटले. पुढे राम पटवर्धन त्यांना येऊन मिळाले. मराठी कथेच्या इतिहासातील सर्वांत कसदार तालीम येथे घडली असे मी निःशंकपणे म्हणेन. टपालाने आलेली कथा वाचली जाई, आणि तिच्यात काही जीव दिसला तर सविस्तर पत्र जाई: आरंभीची दोन पाने कथेच्या बाहेरची वाटतात, अमुक पात्राचे बोलणे त्याच्या तोंडी बसत नाही, शेवट आधीच्या वाक्यावर झालेला आहे, पुढचे लेखकाचे स्पष्टीकरण आहे. अशा तऱ्हेच्या सूचनांनिशी कथा परत येई, लेखक ती पुन्हा लिही, ती पुन्हा जाई, आणि क्वचित पुन्हा येई. पटवर्धनांच्या अंगी भाषेचा केवढा संयम होता हे त्यांनी केलेल्या 'पाडस' या अनुवादावरून कोणालाही पडताळता येईल; असा मनुष्य दुसऱ्याच्या मसुद्यावर बसतो तेव्हा तो आपली शैली त्यावर लादत नाही, मसुद्यातील लेखकाचा स्वतःचा आवाज शोधून तो त्याला दाखवतो.

या कचेरीशी ज्यांचा संबंध आला त्यांचे लेखन एकसारखे झाले नाही, हीच तिच्या श्रेष्ठतेची साक्ष आहे. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या गंगाधर गाडगीळांनी कलाटणी सोडून देऊन मनाच्या चंचल, असंबद्ध वाटणाऱ्या प्रवाहाला कथेचे सूत्र बनवले. अरविंद गोखल्यांनी आपली सारी निष्ठा लघुकथेलाच वाहिली. व्यंकटेश माडगूळकरांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले होते, पण त्यांचा हात चित्रकाराचा होता. 'माणदेशी माणसे' (1949) मधील व्यक्ती काही थोड्या रेषांत उभ्या राहतात आणि जेथे रेष संपते तेथे लेखकही थांबतो. धारवाडात बसून लिहिणाऱ्या जी. ए. कुलकर्णींना तर मुंबईशी जोडणारा धागा मुख्यतः टपालाचाच होता. 'निळा सावळा' (1959) पासून 'काजळमाया' (1972) पर्यंतचा त्यांचा प्रवास आणि त्यांची प्रसिद्ध झालेली पत्रे समोरासमोर ठेवून वाचली, तर हा एकांतप्रिय लेखक प्रतिमेच्या, वाक्याच्या, वाचलेल्या पुस्तकाच्या बाबतीत किती जागरूक होता हे उमगते.

या तालमीचे दरवाजे मात्र सर्वांना सारखे उघडे नव्हते. संपादकाची अभिरुची कितीही उदार असली तरी ती एका वर्गाच्या भाषेत आणि वाचनात वाढलेली असते, आणि त्या भाषेबाहेरचे जीवन घेऊन येणाऱ्याला 'साभार परत'चा अर्थ निराळा लागतो. साठीच्या दशकाच्या अखेरीस काही तरुण लेखकांनी 'सत्यकथा'च्या अंकाची होळी केली, तिच्यामागे हा साचलेला संताप होता. ती कृती मला पटत नाही, पण तिचे कारण खोटे होते असे म्हणवत नाही. अण्णाभाऊ साठे यांना शाळा जवळजवळ लाभलीच नाही. त्यांची उमेदवारी पोवाड्यात, लोकनाट्यात आणि लाल बावटा कलापथकाच्या रंगमंचावर, कामगारांच्या हजारोंच्या जमावापुढे झाली, आणि 'फकिरा' (1959) वाचताना प्रत्येक प्रकरणाचा आघात कोठे पडावा याचे जे अचूक भान दिसते ते तेथूनच आले. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (1963) या संग्रहाने तर कथेने सौम्य असावे, सूचक असावे, ही त्या काळची मान्य शिकवणच अपुरी ठरवली. पुढे औरंगाबादेस गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवून आणि त्याचे लेखक-वाचक मेळावे भरवून नव्या दलित लेखकांना स्वतःचे संपादक व स्वतःचे वाचक मिळवून दिले. त्याच काळात माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार गावोगाव कथाकथन करीत होते, आणि कथा मोठ्याने सांगताना कोणते वाक्य जड जाते याची परीक्षा हजारो श्रोत्यांपुढे देत होते.

'सत्यकथा' 1982 साली बंद पडली. तिच्या जागी तेवढ्या चिकाटीने परत पाठवणारे आणि परत मागवणारे दुसरे मासिक उभे राहिले असे म्हणता येत नाही. दिवाळी अंक निघतात, पण त्यांची मुदत ठरलेली असते आणि पुनर्लेखनाला तेथे सवड थोडी. मला वाटते, आता निदान एक काम व्हावे. हस्तलिखिते जपण्याची आपली परंपरा दुबळी आहे. तरीही लेखकांच्या व प्रकाशकांच्या घरी जी दप्तरे शिल्लक असतील त्यांतून पाच-दहा कथा निवडून, पहिला मसुदा, संपादकाचे पत्र आणि छापलेले रूप अशा क्रमाने, कोणत्याही भाष्याशिवाय प्रसिद्ध कराव्यात. कोणते परिच्छेद गळाले, कोणता शब्द बदलला, शेवट किती ओळी वर सरकला, हे शाईतच दिसू द्यावे. साहित्य संस्थांना हे खर्चाने अवघड नाही, आणि ज्यांच्या घरी ती दप्तरे आहेत त्यांच्याकडे मागणी करण्यास अजून फार उशीर झालेला नाही.